वाट चुकलेला प्रेक्षक

नमस्कार श्रोतेहो.

मोटारींच्या शर्यती टीव्हीवर फुकट दिसाव्यात, की पैसे भरून बघाव्यात? हा आजचा विषय. आणि तो मी मांडतोय रेडिओवरून, म्हणजे ज्याला तुम्ही महिन्याला एक पैसासुद्धा देत नाही अशा डब्यातून. पण तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, एके काळी रेडिओलाही लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन रांगेत उभं राहून पैसे भरायचे. तेव्हा 'फुकट' हा शब्द आपण जरा जपून वापरू.

माहिती नंतर देतो, आधी गोष्ट सांगतो. खोटं कशाला बोलू, ही गोष्ट सांगता यावी म्हणूनच मी हा विषय घेतलाय.

सांगली. 2005 सालचा जून, तारीख 19, रविवारची रात्र. त्या वर्षी मार्चमध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये, म्हणजे मोटार शर्यतींच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, उतरला होता. कोइमतूरचा मुलगा, जॉर्डन संघाची पिवळी गाडी, तिथवर पोचलेला पहिला भारतीय. मी तेव्हा डिप्लोमा करत होतो आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींच्या गॅरेजात पाने उचलून द्यायला बसायचो. मेस्त्रींचा हात येझदी आणि राजदूतवर बसलेला. चार चाकांशी त्यांचा संबंध नव्हता. पण "आपला पोरगा पळवतोय" एवढं त्यांना पुरेसं होतं.

अडचण अशी की आमच्या केबलवर ती वाहिनी नव्हती. क्रिकेट असलं की केबलवाला ती लावायचा, क्रिकेट संपलं की काढून टाकायचा. तुम्हाला आठवतच असेल, त्या काळी सगळीकडे हाच कारभार. मेस्त्री मला घेऊन रात्री अकराला त्याच्या गच्चीवर गेले. तिथं पत्र्याची खोली, आत एकावर एक रचलेले, चॅनल पकडायचे खोके, पंखा लावलेला तोही माणसांसाठी नव्हे, खोक्यांसाठी.

केबलवाला म्हणाला, "मेस्त्री, खोका आहे, कार्डही चालू आहे. पण जागा कुठाय? सगळे चॅनल भरलेत."

मेस्त्री म्हणाले, "तुझ्या एम-एटी गाडीची क्लचप्लेट बसवलीय, तिचे पैसे दिलेस का?"

गडी गप्प झाला. मग म्हणाला, "फक्त आपल्या पिक्चरच्या चॅनलवर लावता येईल."

पिक्चरचा चॅनल म्हणजे केबलवाल्याचा स्वतःचा. रात्री दहाला सीडी लावायची, एकला संपायची. त्या रात्री एक कौटुंबिक मराठी पिक्चर चालू होता आणि ऐन रंगात आला होता. सासूला पश्चात्ताप व्हायला दोन-चार मिनिटं उरली असतील. केबलवाल्यानं मॉड्युलेटरची वायर काढली, दुसऱ्या खोक्याला जोडली. निम्म्या गावभागात सासू गेली आणि पडद्यावर टायर आले.

फोन वाजायला लागला. मेस्त्रींनी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला.

आता अमेरिकेतलं इंडियानापोलिसचं मैदान. वीस गाड्या सराव फेरीला निघाल्या. फेरी संपत आली आणि काय झालं माहितीय? एकेक गाडी ओळ सोडून बाजूला वळायला लागली. एक, दोन, पाच, दहा... चौदा गाड्या पिटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या दुरुस्तीच्या जागेत, शिरल्या. सुरुवातीच्या रेषेवर उरल्या सहा. वीसातल्या सहा.

मेस्त्री केबलवाल्याकडे वळले. "आरं, चौदा गाड्या कुठं गेल्या? छत्री हलली काय तुझी?"

त्यांना खरंच वाटलं, सिग्नल अर्धा येतोय. आणि बिचारा केबलवालाही घाबरला! दोघं बाहेर गेले, छत्री फिरवायला लागले. मी आत पडद्यापाशी. बाहेरून आवाज यायचा, "किती दिसतायत?" मी सांगायचो, "सहा!" पुन्हा छत्री करकरायची. "आता?" "सहाच!" मग एकदा छत्री जरा जास्तच फिरली, चित्राचे चौकोन झाले, पडदा निळा पडला आणि मी ओरडलो, "आता एकही नाही!"

चित्र परत येईपर्यंत शर्यत सुरू होऊन बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या. माझ्या डिप्लोमाच्या इंग्रजीनं मी कॉमेंट्री लावून काढली. मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या तिरप्या, उंच वळणावर टिकत नव्हते. शुक्रवारी राल्फ शूमाखरची गाडी त्याच वळणावर आदळली होती. तडजोड काही निघाली नाही, म्हणून मिशेलिनवाल्या सातही संघांनी गाड्या आत घेतल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. तिकडे प्रेक्षक मैदानात बाटल्या फेकत होते. इकडे मेस्त्री म्हणाले, "सहात आपला कितवा?"

चौथा. मायकेल शूमाखर पहिला, बारिकेलो दुसरा, जॉर्डनचाच माँतेइरो तिसरा आणि नारायण चौथा. पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमधले त्याचे तेवढेच गुण, पुढे कधी मिळाले नाहीत.

पण माझी गोष्ट तिथं संपत नाही. सकाळी गॅरेजसमोरच्या वाड्यातल्या काकू आल्या. त्यांचीच सासू आम्ही कापली होती. मला वाटलं, आता खरडपट्टी. तर काकू म्हणाल्या, "काय हो मेस्त्री, तो आपला मुलगा चौथा आला, ते ठीक. पण बाकीचे पळाले का?" आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत, दर दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारी, दळण घेऊन जाताना त्या गॅरेजपाशी थांबायच्या. "आपला कितवा?"

श्रोतेहो, या काकूंसाठी मी आज बोलतोय. शर्यतीच्या चाहत्याची काळजी मला नाही, तो पैसे भरतो. नाहीतर त्याला केबलवाल्याची गच्ची माहीत असते. काकू पैसे भरणार नाहीत. ज्या गोष्टीची आवड आहे हे अजून ठाऊकच नाही, तिचे पैसे कोण भरेल? काकू वाट चुकून आल्या होत्या. पुन्हा सांगतो, वाट चुकून. आणि पैशाचं दार लावलं की पहिला तोच प्रेक्षक बाहेर राहतो.

आता थोडी माहिती. इंग्लंडात फॉर्म्युला वन वर्षानुवर्षं बीबीसी आणि आयटीव्हीवर सगळ्यांना दिसायची. 2012 पासून निम्म्या शर्यती थेट बघायला स्काय ही पैशाची वाहिनी घ्यावी लागली, 2019 पासून जवळजवळ सगळ्याच. फुकट वाहिनीला उरली क्षणचित्रं आणि सिल्व्हरस्टोनची, म्हणजे त्यांच्या घरची, एक शर्यत. जर्मनीत आरटीएल या फुकट वाहिनीनं 1991 ते 2020 अशी तीस वर्षं दाखवली, मग तिथंही स्काय. आपल्याकडे 2022 पर्यंत स्टार स्पोर्ट्सवर होती. 2023 मध्ये टीव्हीवरून गेलीच, फॉर्म्युला वनच्या स्वतःच्या अ‍ॅपवर. 2024 पासून फॅनकोड या अ‍ॅपवर. म्हणजे मोबाइल हवा, डेटा हवा आणि वर वर्गणी.

सरकारनं काही करावं का? 2007 चा कायदा आहे. त्या जानेवारीत नागपूरला भारत-वेस्ट इंडिज सामना झाला, गांगुलीनं 98 केल्या, आणि दूरदर्शनवाल्यांना तो थेट दिसला नाही. एवढी बोंब झाली की लगेच वटहुकूम निघाला आणि मग कायदा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शनच्या मालकाला, द्यावंच लागतं. पण त्या यादीत क्रिकेट, हॉकी, टेनिस, ऑलिंपिक. मोटारी नाहीत. आणि सगळ्या घालाव्यात असं मीही म्हणत नाही. वर्षाला वीसहून जास्त शर्यती, त्या दाखवायच्या म्हणजे पैसा लागतो. जाहिराती घेऊन फुकट दाखवलं तर काय होतं, तेही 2005 नंच दाखवलं. इमोलाला आलोन्सो पुढे, शूमाखर त्याच्या पाठीला चिकटलेला, शेवटच्या फेऱ्या, आणि आयटीव्हीनं जाहिराती लावल्या! नंतर माफी मागितली. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण शेवटच्या तीन फेऱ्यांत साबण विकू नये.

जाता जाता एक बोलतो, विषय सोडून. शर्यतीची खरी कॉमेंट्री ऐकायची तर बैलगाडा शर्यतीच्या घाटात जा. तिथला निवेदक बैलाच्या मालकाचं गाव, भाऊबंद, बैलाचा मागचा पराक्रम, सगळं एका श्वासात सांगतो. डोंगरउतारावर बसून हजारो लोक ऐकतात, तिकीट नाही. आपल्या मोटार शर्यतीच्या निवेदकांना मी म्हणेन, एक हंगाम घाटात काढा. असो.

मुद्दा एवढाच की वर्षातून चार-पाच शर्यती तरी उघड्या ठेवा. पहिली, शेवटची, आणि ज्यात आपलं कुणी असेल ती. हे जमतं. 2021 मध्ये अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला हॅमिल्टन आणि वेरस्टापेन हे दोघे चालक समान गुणांवर आले, तेव्हा स्कायनं ती एक शर्यत इंग्लंडातल्या चॅनल फोर या फुकट वाहिनीला दाखवू दिली. मालकानंच दार किलकिलं केलं, आणि त्यानं स्काय काही बुडालं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 2020 च्या डिसेंबरात, आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालानं बहरीनमध्ये फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, शर्यत जिंकली. फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा पहिला भारतीय. ती थेट बघितलेला एक माणूस मला आमच्या सांगलीत भेटलेला नाही. नारायण सहात चौथा आला ते काकूंना ठाऊक होतं, जेहान पहिला आला ते कुणाला ठाऊक नाही.

मेस्त्री आता गॅरेजात नुसते बसतात, काम मुलगा बघतो. 2025 मध्ये एकदा गेलो तेव्हा नातू कानात बोंडं घालून मोबाइलवर शर्यत बघत होता, वर्गणी भरून. मेस्त्रींनी मान वाकडी करून बघितलं, त्यांना काही दिसलं नाही. नातवाच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"किती गाड्या हायत रं?"

"वीस, आजोबा."

"सगळ्या पळतायत न्हवं? मोजून बघ."

नमस्कार.