शेड जुळली का? मग अजून बिल करू नका

श्रोतेहो, नमस्कार.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाबद्दल तक्रार निघाली की ती बहुधा वागणुकीची असते. विक्रेती फोनमधून मान वर करत नाही, कपडे बघून महागडं कपाट उघडायचं की नाही ते ठरवते, नाहीतर चोर समजून मागे मागे फिरते. तक्रारी खऱ्या आहेत. पण तुसड्या विक्रेतीमुळे फार तर मन खट्टू होतं. गोड बोलून चुकीची वस्तू गळ्यात मारणारीमुळे गालाची साल निघते. आज बोलायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण त्यात फसतानाही आपल्याला छानच वाटत असतं.

सुरुवात फाउंडेशनपासून, म्हणजे त्वचेच्या रंगाशी जुळवून चेहऱ्याला लावायच्या लेपापासून करू. दुकानात अगदी जुळलेली शेड घरी गेल्यावर राखाडी किंवा नारिंगी दिसते, याची कारणं ठरलेली आहेत. एक म्हणजे शेड हाताच्या पाठीवर किंवा मनगटावर लावून दाखवलेली असते. तिथल्या त्वचेचा रंग आणि चेहऱ्याचा रंग यांचा फारसा संबंध नसतो. दुसरं, आरशाभोवतीचे दिवे. पिवळसर उजेडात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. आणि तिसरं कारण विक्रेती सहसा सांगत नाही: बरीच फाउंडेशन्स लावल्यानंतर थोड्या वेळात गडद होतात. त्यातलं पाणी आणि उडून जाणारे घटक निघून जातात, त्वचेचं तेल रंगद्रव्यात मिसळतं आणि रंग गडद दिसतो.

म्हणून चेहऱ्याला काही न लावता जा. जवळजवळच्या तीन शेड घ्या आणि जबड्याच्या कडेवर, गालाकडून मानेकडे जाणाऱ्या बोटभर लांबीच्या तीन पट्ट्या ओढायला सांगा. जी पट्टी गाल आणि मान दोन्हींत विरून जाते ती तुमची. मात्र तेवढ्यावर बिल करू नका. "पंधरा-वीस मिनिटांत येते" म्हणून बाहेर पडा आणि उघड्या उजेडात पुन्हा आरसा बघा. जाणकार विक्रेती याला हरकत घेत नाही, कारण न जुळलेली बाटली तिच्याच काउंटरवर परत येणार असते. "आत्ताच घ्या, शेवटचा नग आहे" असं ऐकू आलं, तर त्यातून त्या काउंटरबद्दल काय ते कळतं.

सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या ग्राहकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "एक शेड फिकी घ्या, चेहरा उजळ दिसेल." उजळ दिसत नाही, राख फासल्यासारखा दिसतो. फिक्या शेड डझनभर आणि गडद शेड तीन-चार ठेवणाऱ्या दुकानात हे वाक्य जास्त ऐकू येतं. माल नाही म्हणून सल्ला बदलतो. अशा वेळी न घेता निघणं बरं. "दोन बाटल्या मिसळून लावा" हाही तोडगा नव्हे, दुप्पट विक्री आहे.

आता टेस्टर, म्हणजे गिऱ्हाइकांनी लावून बघावा म्हणून काउंटरवर उघडा ठेवलेला नग. दिवसभरात किती ओठ, किती बोटं त्याला लागतात याची नोंद कोणी ठेवत नाही. ओठांवर फोड आणणारा नागिणीच्या जातीचा विषाणू, डोळे येण्याला कारण होणारे जिवाणू, हे सगळे अशा वाटेने फिरू शकतात. विक्रेती टिशूने लिपस्टिक पुसून पुढे करते, ते फक्त दिसायला स्वच्छ असतं. लिपस्टिकचा वरचा थर खरवडून, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून, ते सुकू देऊन, मग नव्या एकदाच वापरायच्या ब्रशवर रंग घ्यायला हवा. तरीही आमचं मत विचाराल तर लिपस्टिक हातावर बघा, ओठांवर नको. दाबलेल्या पावडरीचाही वरचा थर खरवडता येतो. पण बोटं बुडवून वापरायच्या क्रीमच्या डबीला आणि मस्काऱ्याला अल्कोहोलचा उपयोग नाही. मस्काऱ्याचा ब्रश बाहेर येऊन परत आत गेला की आतलं सगळंच दूषित. टेस्टरचा मस्कारा किंवा आयलायनर डोळ्याला लावून देण्याचा आग्रह झाला, तर सरळ नाही म्हणा. टेस्टरच्या तळाशी तो उघडल्याची तारीख लिहिलेली दिसली, तर काउंटर नीट चालतो असं समजायला हरकत नाही.

विक्रेतीबद्दलही थोडं समजून घ्यावं. मोठ्या दुकानांत काउंटरवर उभी असलेली व्यक्ती अनेकदा एकाच कंपनीची असते आणि तिला विक्रीचं टार्गेट असतं. तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच कंपनीच्या डबीत निघतं ते यामुळे. "तुम्ही एकाच ब्रँडच्या आहात का?" हे विचारण्यात काही गैर नाही.

तिचं ज्ञान जोखायची सोपी खूण म्हणजे ती काय विचारते. सध्या चेहऱ्याला काय लावता, कशाची ॲलर्जी आहे का, डॉक्टरांचं औषध चालू आहे का, गरोदर आहात का, हे न विचारता कोणी रेटिनॉलचं, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं, सीरम हातात ठेवत असेल तर ते परत ठेवा. गरोदरपणात रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉलच्या गटातले घटक, टाळायला सांगतात. रेटिनॉल आणि त्वचा सोलणारी आम्लं, म्हणजे ग्लायकोलिकसारखी, नवखेपणी एकाच रात्री लावली तर आग, लाली आणि पापुद्रे निघणं सहज शक्य. मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग उडवतं, हेही विकताना क्वचितच सांगतात. खोक्यावरचं "हायपोॲलर्जेनिक", म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, असं वाचून निर्धास्त होऊ नका. या शब्दाची कोणतीही सरकारी व्याख्या नाही, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्वतःच सांगतं. त्यापेक्षा घटकांची यादी वाचा. त्यात जास्त प्रमाणातलं आधी येतं. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कोणत्याही क्रमाने छापता येतात. त्यामुळे नावात मिरवणारा अर्क यादीच्या तळाशी सापडला, तर तो नावापुरताच असण्याची शक्यता मोठी.

बिलाआधी खोकं काउंटरवरच उघडून घ्या. सीलबंद असेल तर बिल झाल्यावर, पण दुकानातून पाऊल बाहेर टाकण्याआधी. न वापरलेल्या लिपस्टिकची धार शाबूत असते आणि कॉम्पॅक्टवर, म्हणजे डबीतल्या दाबलेल्या पावडरीवर, उमटवलेली नक्षी पुसलेली नसते. खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा एकच असायला हवा. उघड्या डबीच्या चित्रात 6M किंवा 12M लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. मुदत संपण्याची तारीख वेगळी, ती स्वतंत्र शोधा. सनस्क्रीन काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेलं असेल तर आतल्या कपाटातला नग मागा; उष्णतेने ते फाटतं आणि मग संरक्षणाचा भरवसा राहत नाही.

परत घेण्याचा नियमही पैसे देण्याआधीच विचारा आणि जमल्यास बिलावर लिहून घ्या. उघडलेली वस्तू दुकान परत घेत नाही यामागे स्वच्छतेचं कारण आहे. ती दुसऱ्याला विकता येत नाही. हे पटण्यासारखं आहे. पण पंप बिघडलेला, खोक्यात वेगळीच शेड, मुदत संपलेली, ही विक्रेत्याची चूक. "उघडलेलं परत घेत नाही" हे वाक्य तिथे लागू होत नाही. दुकानदार दोन्ही गोष्टी एका झटक्यात मिसळतात, तुम्ही मिसळू देऊ नका.

घरी आल्यावर नवं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावून बघा. केसांच्या रंगाची चाचणी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे, साधारण 48 तास आधी, आणि दर खेपेला; मागच्या वेळी सोसला म्हणून या वेळी सोसेलच असं नाही.

पुरळ उठलंच तर लावलेलं त्वचेवरून धुऊन टाका, लावणं थांबवा आणि त्याच दिवशी फोटो काढा. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास अडकला, तर दुकानाचा विचार नंतर, आधी दवाखाना. तक्रार तोंडी करू नका. दुकानाच्या व्यवस्थापकाला आणि खोक्यावर पत्ता असलेल्या उत्पादकाला एकच मजकूर पाठवा: खरेदीची तारीख, बिल क्रमांक, वस्तूचं नाव, शेड, बॅच नंबर, काय झालं, आणि तुम्हाला काय हवं आहे, पैसे की बदली. विक्रेती कशी बोलली ते दोन ओळींत पुरे. लांबलं की उत्तर देणारा तेवढ्याचीच माफी मागतो आणि वस्तूचा विषय बाजूला राहतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तीच कागदपत्रं ग्राहक तक्रारी घेणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे द्या. निकाल लागेपर्यंत उरलेली डबी, खोकं आणि बिल एका पिशवीत जपून ठेवा. दुकानाने "तपासायला द्या" म्हटलं तर पोच घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नका.