नऊ सायकली, सहा प्लेटा

(पडद्यावर अंधार. डांबरावरून जाणाऱ्या टायरांचा आवाज. मग एक घंटी.)

डिसेंबरातली पहाट. वर्ध्याहून नऊ सायकली निघाल्यात. सेवाग्राम, पवनार, सेलू, मग केळझर. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. आज देवदर्शन नाही, किल्ला नाही. वाटेवरच्या हॉटेलांत थांबत थांबत खायचं, एवढंच ठरलंय. आपल्याकडे बाकडं, चूल आणि वर टिनाचं छप्पर असलं की त्याला हॉटेलच म्हणतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

प्रत्येकाच्या पिशवीत पंक्चरचं सामान, जास्तीची ट्यूब आणि गोरसपाकाचा पुडा. कणीक आणि गाईच्या तुपाचं हे वर्ध्याचं बिस्कीट. वीस किलोमीटरनंतर त्याची किंमत कळते.

(रस्त्याकडेच्या बाभळी. फांद्यांना कापसाचे पुंजके.)

हा कापूस झाडाचा नाही. कापूस भरून गेलेल्या गाड्यांतून बाभळींनी ओढून घेतलेला आहे. मोटारीतून जाताना तो दिसतही नाही.

सेवाग्राम. 1936 साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकायचं, म्हणून 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. त्या शेगावची कचोरी आज जगाला माहीत आहे. या शेगावात बापू बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या खात. बापूकुटीला नमस्कार करून आपण पुढं निघतो. पवनारला धाम नदीच्या पुलावर सूर्य वर येतो. पलीकडे विनोबांचा आश्रम. एक एक कट चहा, आणि पुन्हा पायडल.

(चुलीवरचं पातेलं. अगदी जवळून.)

इथं मात्र थांबू. हमरस्ता सोडून आतल्या रस्त्यावर मावशींचं हॉटेल आहे. रात्री भिजवलेले काळे चणे शिजलेत. कांदा, लसूण, आलं, सुकं खोबरं, धने, खसखस काळसर होईतो भाजून, वाटून, तेलात परतलेत. मिरची भिवापुरी. रस्सा उकळू लागतो आणि हळूहळू लाल तेल वर चढतं. ही तर्री. डाव पातेल्यात खोल घातला तर रस्सा येतो, वरच्यावर फिरवला तर तर्री. पोह्यावर किती आणि कुठून घ्यायची, हे मावशींच्या मनगटाला ठाऊक. वर कच्चा कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, निंबाची फोड.

मागच्या वर्षी आम्ही इथं न सांगता येऊन थडकलो होतो. नऊ भुकेली माणसं, आणि मावशींकडे प्लेटा सहा. आम्ही दोन-दोनदा घेतलं. मागं कापूस वेचायला निघालेल्या बाया उभ्या होत्या. त्यांच्यापर्यंत पातेलं रिकामं झालं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. त्या थांबल्या नाहीत, तशाच वावरात गेल्या. मावशी आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. परतीचा रस्ता मला फार लांब वाटला.

तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करतो. आलो की आधी बाजूला उभं राहतो.

"पहिले त्यायले देतो जी, बाया वावरात जाऊन राहिल्या," मावशी म्हणतात.

द्या न मावशी. आम्हाला कुठं घाई आहे?

मग आमचे सहा जण बसतात. तिघं सायकली सांभाळतात. प्लेटा धुऊन आल्या की ते तिघं.

(रस्त्यावर मोठ्या पुलाची सावली.)

सेलू तालुक्यात एका ठिकाणी आपण समृद्धी महामार्गाखालून जातो. नागपूर ते मुंबई, 701 किलोमीटर. वर मोटारींना ताशी 120 ची मुभा, दुचाकी आणि सायकलींना बंदी. खाली आम्ही ताशी पंधरानं. त्या रस्त्यानं कित्येकांचा वेळ वाचतो, हे खरंच. पण फोडणीचा वास आला म्हणून तिथं कुणाला थांबता येत नाही. या हॉटेलांना लागतो तो उतरणारा माणूस.

पुढं एक पंक्चर. सराट्याचा काटा. सर्वांत मागं राहणारे आमचे निवृत्त गुरुजी ट्यूब काढतात, बाटलीतलं पाणी तिच्यावर थोडं थोडं ओतून बुडबुडा शोधतात. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात शेजारच्या वावरातून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. पैसे कुणी घेतले नाहीत.

केळझरला दुपारचं जेवण सांगून ठेवलेलं. पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. बेसन शिजवून ताटात थापलेलं, त्याच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या. त्या रश्शात आधी टाकायच्या नाहीत, विरघळतात. ताटात वाढताना वडी ठेवायची आणि वरून उकळता रस्सा. नाक वाहतं, डोळे भरून येतात, आणि तरी हात पुढं जातो. सोबत जवसाची चटणी. अर्धा तास कुणी बोललं नाही.

(उतरतं ऊन. पुन्हा मावशींचं हॉटेल. पातेलं घासून पालथं घातलेलं.)

परतताना चहाला थांबलो. गोरसपाकाचा एक पुडा मावशींसाठी राखून ठेवला होता. तो ठेवायला त्या मांडणीकडे वळल्या, तेव्हा दिसल्या. सहा जुन्या प्लेटांशेजारी तीन नव्या. वरचा कागदी स्टिकर अजून निघायचा होता.

"आता नवही जण संगंच बसजा," मावशी म्हणाल्या.