परराज्यातला वकील आणि एका खटल्याची परवानगी

अमेरिकेत वकिलीची सनद प्रत्येक राज्याची वेगळी. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षं खटले लढवलेला वकीलसुद्धा टेक्ससच्या कोर्टात थेट उभा राहू शकत नाही. त्या एका खटल्यापुरती परवानगी काढावी लागते, शुल्क भरावं लागतं. आपल्याकडे २०११ मध्ये वकील कायद्याचं कलम ३० लागू झालं, तेव्हापासून नाशिकच्या वकिलाची सनद देशभर चालते. अलाहाबाद हायकोर्टात मात्र बाहेरच्या वकिलाला स्थानिक वकील जोडीला घ्यावाच लागतो.

टेक्ससमध्ये काय करावं लागतं ते पाहा. आधी २५० डॉलर भरून वकिलांच्या परीक्षा मंडळाकडे अर्ज. मंडळाची पोच आली की कोर्टापुढे दुसरा अर्ज, तोही शपथेवर. गेल्या दोन वर्षांत टेक्ससच्या कोर्टांत कोणकोणत्या खटल्यांत काम पाहिलं, कुठकुठली सनद आहे, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, सगळं मांडायचं. शिवाय टेक्ससच्याच एका वकिलानं त्याच्यासाठी शब्द टाकायचा. इतकं करूनही होकार द्यायचा की नाही, ते न्यायाधीशांच्या हातात.

ओरेगॉनमध्ये शुल्क ५०० डॉलर. फ्लोरिडात २५०, आणि ३६५ दिवसांत तीनपेक्षा जास्त खटले घेतले तर तुम्ही तिथे कायमचीच वकिली करताय असं धरलं जातं. टेक्सस आणि ओरेगॉनमध्ये हे पैसे गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी जातात. असं शुल्क जरूर घ्यावं. मोठ्या कंपनीच्या वकिलाला २५० डॉलर जड नाहीत.

जड पडते ती परवानगी. लुईझियानातला प्लॅकमिन्स परगणा, १९६६. गॅरी डंकन हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. आपल्या नात्यातल्या मुलांचा गोऱ्या मुलांशी वाद होताना दिसला, म्हणून तो मोटारीतून उतरला. एका गोऱ्या मुलाच्या कोपराला त्याचा हात लागला. डंकनचं म्हणणं, नुसता स्पर्श झाला. फिर्यादी पक्षाचं म्हणणं, चापट मारली. ज्युरी, म्हणजे निवाडा देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, त्याला नाकारली गेली. शिक्षा ६० दिवसांची कैद आणि १५० डॉलर दंड.

त्याचा वकील रिचर्ड सोबोल वॉशिंग्टनहून आला होता आणि न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीय वकिलांसोबत काम करत होता. फेब्रुवारी १९६७ मध्ये परगण्यानं त्यालाच अटक केली. आरोप, सनदेविना वकिली. परगण्यावर तेव्हा लिअँडर पेरेझ या कट्टर वर्णद्वेष्ट्या पुढाऱ्याची पकड होती.

सोबोल मागे हटला नाही. डंकनची बाजू त्यानं थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मांडली. मे १९६८ मध्ये निकाल लागला: गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात ज्युरीचा हक्क राज्यांनाही नाकारता येणार नाही. त्याच वर्षी संघीय न्यायालयानं सोबोलवरची फिर्याद निव्वळ छळासाठी केली होती असं ठरवून ती थांबवली.

तरीही १९७९ मध्ये, ‘हसलर’ या अश्लील मासिकाचा प्रकाशक लॅरी फ्लिंट याच्या ओहायोतल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परराज्यातल्या वकिलाला अशा परवानगीचा घटनात्मक हक्क नाही. तिथल्या न्यायाधीशांनी फ्लिंटच्या वकिलांना सुनावणी न घेताच नकार दिला होता. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी या निकालाला विरोध नोंदवला, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं. डंकनसारख्या आरोपीच्या वकिलाला दारातून परत पाठवायचं असेल, तर न्यायाधीशांनी निदान त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि नकाराची कारणं लेखी द्यावीत.