तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेला ट्रक

(दृश्य: ईरी सरोवराचा काठ. पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार, त्यावर ट्रेलर जोडलेला पिकअप ट्रक.)

अमेरिकेतलं ओहायो राज्य, टोलेडो शहराजवळ. ईरी सरोवरात बोटी सोडायला काठाकाठाने असे उतार बांधलेले आहेत. मासेमारी आटोपली की बोट ट्रेलरवर चढवायची आणि ट्रकने वर ओढून घ्यायची. हा ट्रक 2010 सालची शेव्हरोले सिल्व्हराडो. आज त्याला ते जमत नाहीये. इंजिन नुसतं गुरगुरतंय, गाडी काही उचलत नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलाय, कुठला गिअर पडलाय ते दाखवणारी अक्षरं गायब आहेत. थोडी हलली तरी स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच.

मालकाला वाटलं, गिअरबॉक्स गेला. असं वाटणं साहजिक आहे, आणि महागही.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे क्रेट भरलेली बोलेरो डोळ्यांसमोर येते. तिचा गिअर ड्रायव्हरच्या हातात असतो. या ट्रकमध्ये सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, जनरल मोटर्सचा 6एल80. जनरल मोटर्सचा ट्रान्समिशनचा, म्हणजे गिअरबॉक्सचा, कारखाना टोलेडोतच आहे आणि हा गिअरबॉक्स तिथेही बनलेला आहे. आत पाच क्लच. कुठला क्लच कधी धरायचा, कधी सोडायचा, तेलाचा दाब किती द्यायचा, हे सगळं एक कॉम्प्युटर ठरवतो. तो म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल.

हा मॉड्यूल बंद पडला तरी गाडी रस्त्यात अगदीच निजू नये, अशी सोय करून ठेवलेली आहे. वीज गेली की तेलाचे मार्ग आपोआप असे जुळतात की तिसरा गिअर आणि रिव्हर्स तेवढा उरतो. रिकाम्या ट्रकला घरी पोहोचायला एवढं पुरतं. पण पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स इंजिनचा जोर 4.03 पट करून पुढे देतो, तिसऱ्यात फक्त 1.53 पट. मागे बोट, समोर चढ आणि हातात निम्म्याहून कमी जोर. उतारावर काय झालं ते यात आलं.

(दृश्य: गॅरेज. ट्रक लिफ्टवर चढतोय.)

पुढचं काम शहराबाहेरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये. मेकॅनिक आधी पान्याला हात लावत नाही, स्कॅनर जोडतो. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये कोड मिळतो यू-0101, म्हणजे ट्रान्समिशनच्या मॉड्यूलशी बोलणं तुटलंय. बोलणं तुटलंय, एवढंच. मॉड्यूल मेलाय असं हा कोड म्हणत नाही. फ्यूज उडाला असेल, अर्थिंग गंजलं असेल, वायर तुटली असेल, तरी हाच कोड येतो. ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीखालच्या प्रत्येक जोडाला खातं, त्यामुळे इथला मेकॅनिक वायरिंगवर आधी संशय घेतो.

फ्यूज शाबूत आहेत. मग गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर तो मल्टीमीटर न लावता एक बल्ब लावून बघतो. एका धाग्यावर लोंबकळणारी वायरही मीटरवर पूर्ण 12 व्होल्ट दाखवते. बल्ब मात्र खरा करंट मागतो, तिथे खोटं चालत नाही. बल्ब लख्ख लागतो. आता बॅटरी सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमधला रोध मोजायचा. गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्यांच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असतात, म्हणून मीटरवर 60 यायला हवा. साठच येतो. वीज पोहोचतेय, अर्थिंग आहे, तारा धड आहेत, आणि तरीही समोरून उत्तर नाही. आता मॉड्यूलवर बोट ठेवायला हरकत नाही.

बाजारात याच्या उलट चालतं, हे इथेच सांगायला हवं. कोड दिसला की पार्ट मागवायचा, बसवायचा, नाही चालला तर दुसरा मागवायचा. गिऱ्हाइकाच्या खिशातून केलेली ही तपासणी.

(दृश्य: गाडीच्या पोटाखालून. काळसर लाल तेल ट्रेमध्ये पडतंय.)

काही जुन्या ट्रकमध्ये हा मॉड्यूल बॉनेटखाली, बाहेर असतो. चार बोल्ट, एक कनेक्टर, संपलं. 6एल80 मध्ये तो गिअरबॉक्सच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीला (तेलाचे मार्ग कोरलेल्या भागाला) चिकटून, गरम तेलात बुडालेला असतो. तेलाचा दाब सोडणारे सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा), दाब ओळखणारे चार स्विच आणि कॉम्प्युटर, सगळा एकच ठोकळा. त्यामुळे वायरी वाचल्या, आणि सोलेनॉइड व कॉम्प्युटर कारखान्यातच एकमेकांशी जुळवून देता आले. हिशेब चोख आहे. पण इलेक्ट्रॉनिक्सला जन्मभर तळणीत ठेवलं, त्याचं काय? बोटी आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत तेल जास्त तापतं, आणि ती प्रत्येक उन्हाळी सहल हा ठोकळा सोसत असतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर अजून सुटलेलीच आहे. गाडी पूर्ण गार झालीय. चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणाऱ्या ट्रेचे) बोल्ट एका कडेने सैल केले की तेल त्या बाजूने उतरतं. सगळे एकदम काढले तर ते कोपरापर्यंत येतं. जवळपास 6 लिटर निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या डब्यात) आणि कूलरच्या नळ्यांत राहतं.

इथे मेकॅनिक थांबतो. चेंबरच्या तळाशी एक चुंबक आहे. त्यावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा धातूचे तुकडे सापडले, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा क्लच आतून खाल्ला जातोय, आणि मग नवा मॉड्यूल बसवणं म्हणजे पैसे तेलात घालणं. या गिअरबॉक्सचे कन्व्हर्टर जातात, हे इथल्या कुठल्याही गॅरेजला ठाऊक आहे. आजचा लेप मऊ आहे.

फिल्टर ओढून काढला. बाहेरचा कनेक्टर ज्या नळीतून आत जातो ती नळी काढली. तिचं सील हमखास गळतं, ते नवंच टाकायचं. स्पीड सेन्सरचा आणि गिअरची जागा सांगणाऱ्या स्विचचा, असे दोन कनेक्टर सोडले. बोल्ट लांब आणि आखूड, दोन्ही आहेत. पुठ्ठ्यावर आकृती काढून तो जिथला बोल्ट तिथे खोचून ठेवतो. ठोकळा खाली येतो. त्याच्या आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या मध्ये बारीक जाळीची एक पातळ पट्टी असते. तीही बदलायची.

नवा मॉड्यूल पिशवीतून काढण्याआधी मेकॅनिक गाडीच्या लोखंडाला हात लावतो. अंगातली स्थिर वीज तिथे उतरलेली बरी. पिनांना बोट लावायचं नाही. मग ठरलेल्या क्रमाने बोल्ट, टॉर्क पान्याने, फक्त 8 न्यूटन मीटर. अ‍ॅल्युमिनियममधल्या आट्यांना याहून जास्त सोसत नाही. चेंबरला 9. तेल डेक्स्रॉन-6, दुसरं काही नाही.

(दृश्य: बॉनेटवर लॅपटॉप. बॅटरीला जोडलेला चार्जर.)

इतकं करून ट्रक आहे तिथेच. नवा मॉड्यूल कोरा आहे. त्याला माहीत नाही तो कुठल्या ट्रकमध्ये आहे, मागच्या एक्सलचं प्रमाण किती, टायर केवढे. हे सगळं चासी नंबरनुसार कंपनीच्या सर्व्हरवरून, पैसे भरून उतरवून घ्यावं लागतं. मधला अडॅप्टर जे2534 या मानकाचा, कुठल्याही गॅरेजला विकत मिळणारा. छोट्या गॅरेजचा हा हक्क पक्का झाला तो भांडून. मॅसॅच्युसेट्सने 2012 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि 2014 मध्ये कंपन्यांच्या संघटनांनी देशभरासाठी तसा करार केला. नाहीतर बोल्ट इथे कसायचे आणि गाडी दोरीने बांधून शोरूमला न्यायची.

प्रोग्रॅम चढत असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला, तर नवाकोरा मॉड्यूल जागच्या जागी निकामी होऊ शकतो. म्हणून चार्जर. पंखा बंद, दिवे बंद, दार उघडायचं नाही.

लॅपटॉपवरची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते. डॅशबोर्डवर पी, आर, एन, डी उमटतात.

आता तेल गरम करून, ब्रेक दाबून धरून, स्कॅनरवरून शिकवणी चालू होते. मॉड्यूल क्लच एकेक करून दाबून पाहतो आणि तो नेमका किती तेलात धरतो ते टिपून घेतो. गाडी जागच्या जागी हलके धक्के देते. नंतर इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये, दांडीवर तेलाची पातळी पाहायची. जितकं निघालं तितकंच घातलं, म्हणून सोडून द्यायचं नाही.

पहिल्या फेरीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अजून थोडा झटका आहे. तो रस्त्यावर चालवता चालवता निवळेल, असं मेकॅनिक मालकाला सांगतो. तोवर सावकाश चालवा, ट्रेलर जोडू नका, आणि आठवड्याने गाडी परत आणा. कनेक्टरच्या नळीखाली ओल दिसते का, ते बघायचंय.