मुंबईचं पाणी : विहार ते तानसा

श्रोतेहो, नमस्कार.

१८५०च्या दशकात मुंबईत अशी टंचाई पडली, की पाणी होड्यांनी आणि आगगाडीने आणावं लागलं. तोवर शहराची भिस्त विहिरी आणि गावतळ्यांवर होती. धोबीतलाव, गवालिया टँक ही नावं त्यातूनच राहिली. मग हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे शहराच्या उत्तरेला असलेल्या साष्टी बेटाच्या डोंगरात मिठी नदी अडवली आणि १८६०मध्ये विहार तलाव पुरा झाला. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पंपाची गरज नव्हती, पाणी उतारानेच नळातून खाली यायचं. दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर! सरकारला वाटलं, आता चिंता मिटली.

पण लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि माणसांचे लोंढे सुरू झाले. १८६४च्या शिरगणतीत वस्ती आठ लाखांवर गेली. विहार पुरेना. १८७९मध्ये तुळशी आला, तोही पुरेना. मग घाईघाईने पवईचा तलाव बांधला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही. टंचाई दारात आल्यावर केलेल्या कामाचं बहुधा असंच होतं.

तानसाचं तसं नाही. ही कल्पना १८७०च्या दशकातली, खर्चापायी रेंगाळलेली. १८९२मध्ये जवळजवळ दोन मैल लांबीचं दगडी धरण उभं राहिलं, तेही साष्टी ओलांडून, पार शहापूरच्या बाजूला. मला यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती पायाची गोष्ट. पुढेमागे भिंत उंच करता यावी, म्हणून पाया आधीच रुंद ठेवला होता. शहर वाढणार, हे या वेळी हिशेबात धरलेलं होतं. पुढे १९१५ आणि १९२५मध्ये तानसाचं पाणी टप्प्याटप्प्याने वाढवलंही.

एका बाबतीत मात्र नियोजन लंगडंच राहिलं. पाणी घरोघर पोचलं, ते वाहून न्यायची गटारं मागे पडली. वापरलेलं पाणी जमिनीत मुरत राहिलं, चाळींच्या जोत्यांना ओल धरली. १८९६मध्ये प्लेग आला, तेव्हा शहराच्या आरोग्याची चर्चा करणाऱ्यांनी या ओलीकडेही बोट दाखवलं. धरणासाठी पैसा मंजूर करून घेणं सोपं होतं. गटारासाठी कोण भांडणार?

नमस्कार.