केसपेपरवर न दिसणारं काम

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय जाहीर झालाय ‘बाळाचं वजन कमी का भरतं?’ त्यावर येतेच. आधी एक कागद दाखवते, तो मला बरीच वर्षं छळतोय. हा दवाखान्याचा केसपेपर. नाव, वय, पत्ता आणि खाली ‘व्यवसाय’. बाई गरोदर असेल तर तिथं काय लिहिलेलं असतं, सांगा बरं? बरोबर, मागच्या रांगेतून उत्तर आलं. गृहिणी.

आता आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात जा, नाहीतर कुंभारीला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. उंबऱ्याशी बाई बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. कारखान्यात मोजताना खराब म्हणून बाजूला पडल्या, तर त्या विड्या तिच्याच अंगावर. बोलतानाही हात थांबत नाही. मी विचारते, “काकू, काम काय करता?” उत्तर येतं, “काम कुठलं, घरीच असते की.”

एका दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीशी उभी राहून पाहिलंय. समोर पोटुशी पोरगी, बोटांची टोकं पिवळट, पदराला तंबाखूचा वास. कारकुनानं मान वर न करता ‘गृहिणी’ लिहिलं. आत डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू खाता?” “नाही.” झाली नोंद. दिवसभर जिचे हात तंबाखूत, ती कागदावर तंबाखूपासून कोसभर लांब! मला याचा संताप येतो, आणि तुम्हालाही यावा म्हणून मी आज इथं आले आहे.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं, प्रसूती लाभाचा हक्क दिला. याच शहरातल्या बायकांनी लढून घरं मिळवली. २००६ मध्ये कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. कायद्याला ही बाई दिसली, घरकुलाच्या यादीत दिसली. केसपेपरवर तेवढी दिसत नाही.

काही डॉक्टर म्हणतात, “मॅडम, बायका सांगत नाहीत, तपासणीला येत नाहीत.” मग आपल्या बार्शीकडे बघा. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी टाटा मेमोरियलच्या साथीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका! घरोघरी जाऊन समजावलं, आणि तपासणीला बोलावलेल्या दर पाचांतल्या जवळपास चौघी आल्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला तो असा की, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं, त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. (तुलनेसाठीच्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्यावरून पुढे वाद झाला. तो रास्तच होता, पण त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.) बायका येतात हो. बोलावणारा दारात यावा लागतो.

बरं, हात वर करा, जेवणावर लगेच चहा कोण घेतं? अरे वा, व्यासपीठावरचे सगळेच! हसू नका, याचा संबंध आहे. चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, तर भराभर सांगते.

जन्मतः २,५०० ग्रॅमच्या आत भरलं तर ते बाळ कमी वजनाचं. एकतर दिवस पुरे भरलेले नसतात, नाहीतर पोटातच वाढ खुंटलेली असते. आईचं रक्त कमी असणं हे त्यामागचं मोठं कारण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या आणि सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं. गरोदरपणी लोहाची गोळी १८० दिवस रोज घ्यायची असते. तिच्यावर चहा प्यायला तर लोह नीट अंगी लागत नाही.

दुसरं कारण तंबाखू. विडी न ओढताही निकोटिन कातडीतून, धुळीतून अंगात जातं. वळणाऱ्या बायकांच्या लघवीत कोटिनिन सापडलंय, म्हणजे निकोटिनचाच अंश. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जाणारं रक्त घटतं. ओढणाऱ्या आईचं बाळ हलकं भरतं हे पक्कं ठाऊक आहे. वळणारीचं किती हलकं भरतं, हे सोलापुराइतकं चांगलं कुठं मोजता येणार? बाळंतपणांच्या नोंदी गठ्ठ्यानं पडल्यात, पण त्यांतून विडीवाली वेगळी काढायची कशी? सगळ्या गृहिणीच!

म्हणून दोनच मागण्या. एक, गरोदर बाईची तपासणी कारखान्याच्या दारात ठेवा. माल द्यायला ती तिथं येतेच, तिची मजुरी बुडणार नाही. दुसरी, केसपेपरवर विचारा: दिवसभर हातात काय असतं, आणि किती वर्षं? इथं दवाखान्यातल्या सिस्टर बसल्यात, आशाताई बसल्यात. छापील कागद बदलायला वेळ लागेल, पण समासात पेनानं ‘विडी, आठ वर्षं’ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्याच्या ओपीडीपासून लिहायला लागा.