पुढे त्साय, मागे फू

नमस्कार श्रोतेहो. आज एका चिनी बॅडमिंटनपटूविषयी बोलायचंय. लिन डानविषयी नव्हे, त्याच्यावर बोलायला पुष्कळ जण आहेत. मी बोलणार आहे दुहेरीतल्या खेळाडूबद्दल, फू हायफंगबद्दल. आणि फूबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या जोडीदाराबद्दलही बोलावं लागणार. दुहेरीचं नवराबायकोसारखं असतं, एकाला बोलावलं की दुसरा आपोआप आलाच.

जोडीदाराचं नाव त्साय युन. आडनाव इंग्रजीत सी-ए-आय असं लिहितात, त्यामुळे आपल्याकडे अनेकांनी ते बिनदिक्कत ‘काय’ असं वाचलं. “जाळीजवळ कोण उभा आहे?” “काय.” “अहो, कोण आहे म्हणतोय मी!” “काय!” हा विनोद मी इतक्यांदा सांगितलाय, की घरचे आता उठूनच जातात. तुम्ही रेडिओ बंद करू नका, एवढंच.

तर फू 1984 चा, दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतातला. त्साय सुजौचा, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. 2005 साली बीजिंगमध्ये सुदिरमान चषक स्पर्धा झाली, तिथे फूचा एक स्मॅश, म्हणजे वरून खाली हाणलेला जोरदार फटका, मोजला गेला. ताशी 332 किलोमीटर! तेव्हाचा तो विक्रम. त्या दिवसापासून फू म्हणजे स्मॅश, स्मॅश म्हणजे फू, असं होऊन बसलं.

पण स्मॅश मारायला फूल, म्हणजे शटलकॉक, वर यावं लागतं ना? ते वर आणवायचं कोणी? पुढे त्साय, मागे फू. हे लक्षात ठेवा, पुढे त्साय, मागे फू. घरात पाहुणे आले की एक जण पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो. तव्यावर टम्म फुगलेली पोळी बघून सगळे भाजणाऱ्याचं कौतुक करतात. लाटणाऱ्याकडे कोण बघतो? त्साय जाळीजवळ वाकून, गुडघ्यात बसल्यासारखा उभा राहायचा आणि फूल असं काही खाली ठेवायचा, की समोरच्याला ते उचलून वर देण्यावाचून गत्यंतर नसायचं. वर आलं की मागून फू.

आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या फुलाने खेळणाऱ्यांना हे पटणार नाही. तिथे दोघेही मागे आणि दोघेही स्मॅश मारणार. प्लॅस्टिकचं फूल म्हणजे माझ्या मते कागदी झेंडूच. खऱ्या फुलाला 16 पिसं असतात. ते रॅकेटवरून बाण सुटल्यासारखं निघतं आणि पलीकडे पोचेपर्यंत हळू होतं, सगळी गंमत त्यातच आहे. शिवाय हा खेळ आमच्या पुण्याच्या छावणीत वाढला. इंग्रज अंमलदार त्याला ‘पूना’च म्हणायचे. तेव्हा पुणेकरांनी तरी प्लॅस्टिक... असो. विषय फूचा आहे.

2008 साली बीजिंग ऑलिंपिक. अंतिम फेरी, घरचं मैदान, घरचे लोक. पहिला गेम 21-12 असा आरामात जिंकला आणि पुढचे दोन हरले. इंडोनेशियाचे मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान सुवर्ण घेऊन गेले. त्यानंतर वर्षभराने त्साय आणि फू कुठे आले? आपल्याकडे, हैदराबादला.

ऑगस्ट 2009. पुण्यात स्वाइन फ्लूने धुमाकूळ घातला होता. शाळा बंद, दुकानांतले मास्क संपलेले, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. अशात मी म्हटलं, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा काही रोज रोज भारतात होत नाही, मी निघालो. हैदराबादला माझा मेहुणा असतो. त्याच्या घरी पोचलो, तर पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्याने मला दारातच अंघोळीला पिटाळलं. चहासुद्धा नंतर!

मी गेलो होतो खरं तर लिन डानला बघायला. 16 तारखेला, रविवारी, गचिबावलीच्या स्टेडियममध्ये अंतिम सामने होते. मेहुण्याला बॅडमिंटनचं सोयरसुतक नव्हतं. तो मला न्यायला आला आणि स्कूटर घेऊन बाहेर थांबला, तीही ‘नो पार्किंग’मध्ये. आत चालला होता पुरुष दुहेरीचा सामना. त्साय आणि फू विरुद्ध कोरियाचे जुंग जे-संग आणि ली योंग-दे. पहिला गेम चिन्यांचा, दुसरा कोरियनांचा, तिसरा चालू.

फोन वाजला. “दाजी, झालं का?”

“आलोच. वीस-वीस झालेत.”

“म्हणजे एक पॉइंट?”

“दोनची आघाडी लागते रे.”

ठेवला फोन. काय सांगू तुम्हाला, फूच्या स्मॅशचा आवाज टीव्हीवर कळतच नाही. ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा आवाज! आणि प्रत्येक आवाजाला पुढचा त्साय मान खाली घालायचा. मागे वळून बघणं नाही. डोक्यावरून तोफ चाललीये आणि हा माणूस जाळीवरची नजर हलवत नाही. शेजारी एक तेलुगू आजोबा होते, ते प्रत्येक बरोबरीला एक बोट मिटत होते.

फोन. “दाजी, झालं का?”

“तेवीस-तेवीस.”

“अहो, एकवीसला संपतं ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच! काल, जेवताना!”

त्याचंही बरोबर होतं. आजोबांची एका हाताची बोटं संपली, दुसरा हात सुरू झाला. पंचवीस-पंचवीस. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की तीसला काहीही झालं तरी संपतं. ते म्हणाले, “तीस तक मैं रहूँगा क्या?”

फोन. “दाजी, पोलीस आलाय. झालं का?”

“सव्वीस-सव्वीस!”

यावर तो जे बोलला ते मी आकाशवाणीवर सांगू शकत नाही.

28-26. अठ्ठावीस-सव्वीस, श्रोतेहो! वीसपासून सव्वीसपर्यंत प्रत्येक आकड्यावर बरोबरी, म्हणजे सात बरोबऱ्या. आजोबांची सात बोटं मिटलेली होती. त्साय आणि फू जगज्जेते झाले. मी बाहेर आलो तेव्हा मेहुणा दंडाची पावती हातात घेऊन उभा. ते पैसे मी दिले, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण तो अजूनही दिले नाहीत म्हणतो.

लिन डानही त्याच दिवशी जिंकला. पण घरी येऊन मी कोणाबद्दल बोलत राहिलो? फूबद्दल.

बाकीचं पटकन सांगतो, वेळ होत आलीये. जागतिक अजिंक्यपदं चार: 2006 माद्रिद, 2009 हैदराबाद, 2010 पॅरिस, 2011 लंडन. आणि मग 2012 चं लंडन ऑलिंपिक. डेन्मार्कच्या बो आणि मोगेनसन यांना सरळ दोन गेममध्ये हरवून सुवर्ण. बॅडमिंटनमध्ये एवढी दादागिरी असलेल्या चीनला पुरुष दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण त्याआधी एकदाही मिळालं नव्हतं. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दोन ओळींत आटोपली असणार. दुहेरीला नेहमी दोन ओळी. फोटो एकेरीचा.

पुढे त्साय बाजूला झाला. आता फू एकटा काय करणार? भाजणारा आहे, लाटणारा गेला. त्याला नवा जोडीदार मिळाला झांग नान, मिश्र दुहेरीतलं सुवर्ण आधीच गळ्यात असलेला, वयाने सहा वर्षांनी लहान. आणि 2016 ला रिओमध्ये, 32 वर्षांचा फू पुन्हा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत! समोर मलेशियाचे गोह आणि तान. पहिला गेम गेला, दुसरा आला, तिसरा वीस-वीस. मग एकवीस-एकवीस. आपण सगळे तेव्हा सिंधूच्या रौप्यपदकात दंग, ते योग्यच होतं. पण मी हा सामनाही सोडला नाही. 23-21 ने फू जिंकला. पुरुष दुहेरीत दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारा तोवर तो पहिलाच, तीही दोन वेगळ्या जोडीदारांबरोबर.

त्या तिसऱ्या गेममध्ये, अगदी वीस-वीस असताना, माझा फोन वाजला. हैदराबादहून.

“दाजी, मी टीव्ही लावलाय. हा तोच ना, माझी पावती फाडायला लावणारा?”